राम न म्हणता रामायण

मराठीत 'प्रयोग' हा शब्द दोन ठिकाणी राहतो. एक प्रयोगशाळेत, दुसरा नाट्यगृहात. शाळेत लिटमसचा कागद बुडवला तो प्रयोग आणि तिकीट काढून बघितला तोही प्रयोगच. दोन्हींत एक गोष्ट सारखी असते. सगळी तयारी झालेली असते, तरी आज काय होईल याची खात्री कुणालाच नसते.

कॉमिकच्या जगात मात्र या शब्दाचं तिसरंच काहीतरी झालंय. पात्रांना मांगाचे डोळे लावले की प्रयोग. मावळ्याला मार्व्हलचे दंड काढले की प्रयोग. अख्खं पान काळं करून कोपऱ्यात एक शब्द टाकला की प्रयोग. आणि आता एआयला दोन ओळी लिहून चाळीस चित्रं मागवली की महाप्रयोग.

माझं म्हणणं सरळ आहे. याला कपडे बदलणं म्हणतात. गोष्ट तीच, सांगायची रीत तीच, शेवट तर पहिल्या पानावरच कळलेला. बदलला फक्त सदरा.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. गाव इंदापूर तालुक्यात, शिक्षणाचा बराच काळ बारामतीत, नोकरी पुण्यात. गेली दोन वर्षं मी आणि माझी मामेबहीण रविवारी बसून कॉमिक करतोय. मी लिहितो, ती काढते. या दोन वर्षांत आम्हाला फुकट सल्ल्यांची कमतरता पडलेली नाही. सल्ले तीनच आहेत, माणसं बदलतात. 'महाराजांवर का करत नाही?' 'जरा इंटरनॅशनल स्टाईलमध्ये करा.' आणि 'एआयकडून करून घ्या, रविवार वाचेल.' या तिन्ही सल्ल्यांना उत्तर म्हणून हा लेख आहे. पण उत्तर द्यायला आधी बारामतीला जावं लागेल. अडीचशे वर्षं मागे.

कऱ्हेच्या काठावरची प्रयोगशाळा

आमच्या कामात प्रयोगाची व्याख्या रुक्ष आहे, पण प्रामाणिक आहे. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या जशाच्या तशा ठेवायच्या आणि काय होतं ते बघायचं. ॲपमधल्या बटणाचा रंग, जागा आणि मजकूर एकाच दिवशी बदलला, तर लोक ते बटण जास्त का दाबायला लागले हे कुणालाच सांगता येत नाही. ज्याला प्रयोग करायचाय त्याला आधी बरंचसं काही न बदलण्याची शिस्त लागते.

ही शिस्त बघायची तर मोरोपंत बघा. जन्म १७२९, पन्हाळ्याचा. पुढे बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाला आले आणि १७९४ मध्ये तिथेच वारले. आपल्याला ते शाळेत दोन मार्कांपुरते भेटतात: आर्या म्हणजे मोरोपंत, पंडित कवी, केकावली, पुढचा प्रश्न. जे सांगायला हवं ते राहूनच जातं. या माणसाच्या नावावर १०८ रामायणं सांगितली जातात.

एकशे आठ! गोष्ट एकच. कुणी कुणाला वनवासात पाठवलं, कुणाला पळवलं, कोण जिंकलं, सगळं ऐकणाऱ्याला पाठ. गोष्ट अशी स्थिर ठेवून पंत दर वेळी सांगण्याचा एखादा नियम बदलतात. मंत्ररामायणात ओळींमध्ये मंत्राची अक्षरं गुंफलेली आहेत. आणि निरोष्ठ रामायणात ओठांनी उच्चारायची अक्षरंच वर्ज्य आहेत. म्हणजे प, फ, ब, भ, म बाद.

आता 'राम' हा शब्द मोठ्याने म्हणून बघा. ओठ मिटले ना?

म्हणजे काय झालं ते लक्षात घ्या. हे रामायण आहे आणि त्यात 'राम' म्हणता येत नाही. नायकाचं नावच नियमाने काढून घेतलंय. मग तो कुणाचा तरी मुलगा म्हणून, कुणाचा तरी नवरा म्हणून, कुणाचा तरी शत्रू म्हणून, त्याने जे केलं त्यावरून ओळखावा लागतो. नाव घेता येत नसलं की नाती आणि कृत्यं समोर येतात. एका तांत्रिक बंधनाने अख्ख्या पात्राकडे बघण्याची दिशा वळते. याला मी प्रयोग म्हणतो.

हेच युरोपात विसाव्या शतकात झालं तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं. १९६० मध्ये फ्रान्समध्ये काही लेखक आणि गणिती जमले आणि त्यांनी 'उलिपो' नावाचा गट काढला. काम एकच, लिहिण्यासाठी नियम शोधणं. त्यातल्या जॉर्ज पेरेकने १९६९ मध्ये 'ई' हे अक्षर एकदाही न वापरता अख्खी कादंबरी लिहिली. १९९२ मध्ये याच धर्तीवर कॉमिकवाल्यांचा 'उबापो' आला. आणि २००५ मध्ये मॅट मॅडन या अमेरिकन चित्रकाराने एका पानाची अगदी फालतू गोष्ट ९९ प्रकारे काढून त्याचं पुस्तक केलं. माणूस टेबलावरून उठतो, जिन्यातून वरून कुणीतरी वेळ विचारतं, हा फ्रिज उघडतो आणि आपण काय शोधत होतो तेच विसरतो. संपलं. तीच गोष्ट फ्रिजच्या आतून, तीच वरच्या मजल्यावरून, तीच नकाशासारखी.

ते पुस्तक जगभर कॉमिक शिकवणारे वापरतात. छानच आहे. पण ९९ पेक्षा १०८ हा आकडा मोठा आहे आणि तो बारामतीचा आहे. मोरोपंतांचं नाव आपण दिलं, पण त्यांची पद्धत कुणाला दिली नाही.

कसरत आणि कोयता

इथे कुणीतरी हात वर करणार. 'ही तर शब्दांची कसरत. भाव कुठंय?' हा आरोप पंडित कवींवर जुना आहे आणि तो सगळाच खोटा नाही. नियम पाळला म्हणून टाळी मागणारं लेखन कंटाळवाणंच असतं. मग चांगला नियम कोणता?

माझी कसोटी अशी आहे: नियम काढून टाकला आणि गोष्ट तशीच राहिली, तर ती कसरत. नियम काढला आणि गोष्टच दिसेनाशी झाली, तर तो प्रयोग. उदाहरण देतो, आमच्याच वहीतलं.

आमच्याकडे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बऱ्याचशा बीडकडून. शेताच्या कडेला कोप्या पडतात, पहाटे अंधारात तोड सुरू होते, मोळ्या बांधल्या जातात, ट्रॅक्टर भरला जातो. उन्हाळा लागता लागता कोप्या मोडतात आणि माणसं जातात. हे सगळं बारामती-इंदापूरच्या प्रत्येक पोराने लहानपणापासून बघितलंय. इतकं बघितलंय की आता दिसत नाही.

या धंद्यात हिशोबाचं एकक माणूस नाही, 'कोयता' आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला मिळते, काम कोयत्याचं मोजलं जातं. दोघांतलं एक जण आजारी पडलं की कोयता मोडला आणि खाडा लागला. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली, सरकारने समिती नेमली, आपण सगळ्यांनी हळहळून ती फॉरवर्ड केली. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, हे त्या बातमीतलं एक कारण होतं.

यावर कॉमिक कसं करायचं? सोपा रस्ता असा: रडणारी बाई, भेगाळलेले हात, पाठीमागे लाल सूर्य. अशी चित्रं तुम्ही शंभर बघितलीत आणि शंभरही वेळा अंगठा पुढे सरकला आहे.

आम्ही एकच नियम केला. आठ पानांत नवरा आणि बायको कधीही वेगळ्या चौकटीत दिसणार नाहीत. हिशोबात दोघं मिळून एक आहेत ना, मग चौकटीतही दोघं मिळून एक. बाकी काही वेगळं करायचं नाही. साधी काळी रेघ, सरळ चौकोन, लाल सूर्य बंद.

दोन पानं मजेत गेली. तिसऱ्या पानापासून नियम टोचायला लागला. ती पाण्याला गेली तर तो चौकटीत कसा ठेवायचा? एका कोपऱ्यात, लांब, पाठमोरा. तिला ताप आला, ती कोपीत पडून आहे. आता त्याला कामावर दाखवता येत नाही, कारण तो वेगळी चौकट मागतो. म्हणजे एकतर दोघं कोपीत, नाहीतर दोघं फडात. आम्ही कागदावर ज्या कोंडीत सापडलो होतो ती कोंडी आम्ही तयार केलेली नव्हती. ती मुकादमाच्या वहीत आधीच होती. पाचव्या पानावर ती ताप घेऊन फडात उभी आहे. हे काढायचं असं आम्ही ठरवलं नव्हतं, नियमाने तिला तिथे आणून उभं केलं.

शेवटच्या चौकटीत नियम एकदाच मोडला. ती एकटी आहे. काही करत नाही, पाचटावर नुसती बसली आहे.

पानं पहिल्यांदा माझ्या चुलत्यांना दाखवली. चाळीस वर्षं ऊस लावणारा माणूस, कॉमिकशी काडीचा संबंध नाही. त्यांनी चष्मा लावून सगळं बघितलं, शेवटच्या चौकटीवर थांबले आणि विचारलं, "आन् ह्यो कुठं गेला?"

बाई क्षणभर एकटी दिसली तर नवरा कुठे गेला, हा प्रश्न त्यांना पडला. कारण सात पानांत त्यांच्या डोळ्यांना तो हिशोब सवयीचा झाला होता. मग ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. कॉमिकमध्ये प्रयोग कशाला करायचा, याचं माझ्यापुरतं उत्तर त्या शांततेत आहे. गोष्ट त्यांना आधीपासून ठाऊक होती, फक्त ती त्यांना दिसत नव्हती.

तीन सल्ले, तीन उत्तरं

पहिला सल्ला, महाराजांवर करा. महाराजांबद्दल आदर मला कुणी शिकवायला नको. मालोजीराजांची गढी आमच्या इंदापुरात आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. १९६७ मध्ये अनंत पै यांनी अमर चित्र कथा सुरू केली आणि थोर पुरुष, देव, संत यांचा एक साचा पक्का झाला: वर निवेदनाची पट्टी, खाली फुगे, शेवटी बोध. त्या काळात ते मोठं काम होतं. पुण्याचे प्रताप मुळीक यांच्यासारखा जबरदस्त हात त्यात होता. त्याच मुळीकांनी पुढे हिंदीतल्या नागराजची सुरुवातीची कॉमिकं काढली. म्हणजे हातांची कमतरता आपल्याला कधीच नव्हती. पण पन्नास वर्षांनंतरही आपण तोच साचा चकचकीत कागदावर छापतोय आणि चौकटीत यायला माणूस आधी थोर असावा लागतो, असं पोरांना शिकवतोय. ज्याच्यावर पुतळा उभा राहू शकतो त्याच्यावरच कॉमिक, हा नियम मला मान्य नाही.

थोर माणसावरही प्रयोग करता येतो, आणि तो झालेला आहे. २०११ मध्ये आलेलं 'भीमायन' बघा. बाबासाहेबांचं आयुष्य, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. त्यांनी माणसांना चौकटीत कोंबायला नकार दिला. पूर्ण पुस्तकात नेहमीचे चौकोन नाहीत, नक्षीच्या वळणदार पट्ट्या पान विभागतात. साध्या सौम्य बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. वाचता न येणाऱ्यालाही कळतं, कोण डंख मारतंय. ज्या माणसाला पाण्यापासून, गाडीपासून, घरापासून रेघा मारून दूर ठेवलं, त्याच्या गोष्टीत रेघांचे चौकोन नसणं ही सजावट नाही. माझ्या कसोटीवर घासून बघा. नियम काढला तर पुस्तक कोसळतं.

दुसरा सल्ला, इंटरनॅशनल स्टाईल. मांगा मला आवडतं, रात्री जागून वाचतो. पण मांगाचे डोळे उचलता येतात, मांगाची भाषा उचलता येत नाही. आपल्या लिपीचंच घ्या. इंग्रजी कॉमिकमधलं अक्षर बहुतेक वेळा कॅपिटल असतं, सगळं एका उंचीचं. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. दोन ओळींत जास्त जागा लागते. इंग्रजीच्या मापाने काढलेल्या फुग्यात मराठी घातलं की ते सहा आसनी रिक्षात बारा जण बसल्यासारखं दिसतं. मग आपण अक्षर बारीक करतो आणि वाचणाऱ्याला दोष देतो.

उलट ही लिपी प्रयोगाची खाणच आहे. शिरोरेषा ही रेघच आहे, आणि कॉमिक म्हणजे तरी काय, रेघाच. माझी बहीण सध्या एक पान करतेय. कुजबुज असेल तिथे शिरोरेषा नाही, अक्षरं सुटी. ओरडणं असेल तिथे शिरोरेषा वाढत वाढत जाऊन चौकटीचीच वरची कड होते. मी म्हणालो, शिरोरेषा काढली की गुजराती वाटेल. ती म्हणाली, "वाटू दे, हळू बोलल्यावर सगळ्याच भाषा सारख्या ऐकू येतात." हे पान जपानमधून आयात होणार नाही.

आणि आर्या? मोरोपंतांच्या बहुतेक आर्या ज्या गीती प्रकारात आहेत, त्यात अर्ध्या भागात १२ आणि १८ मात्रा असतात. एकूण ३०. पानाची उंची ३० भागांत विभागा, एक चौकट १२ ची, एक १८ ची. आखूड, लांब, आखूड, लांब. करून बघा, फोनवर सरकवताना अंगठ्याला ताल लागतो.

फोनचा विषय निघालाच आहे. तुम्ही हे फोनवरच वाचताय. कोरियातल्या लोकांनी उभ्या पट्टीचं कॉमिक, वेबटून, याच पडद्यासाठी वाढवलं. आपण मात्र छापील पान पीडीएफ करून टाकतो आणि लोकांना दोन बोटांनी झूम करायला लावतो. उभी पट्टी खाली जाते, तर खाली जाणारी गोष्ट शोधा. आमच्याकडे ती तयार आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यात जुनं पळसदेव गेलं. पाणी ओसरलं की पळसनाथाचं मंदिर वर येतं, लोक होडीने जाऊन फोटो काढतात. मग याच गोष्टीची उभी पट्टी का नाही? सगळ्यात वर भिगवणचे रोहित पक्षी आणि दुर्बिणीवाले पाहुणे. अंगठा खाली, होडीचा तळ. आणखी खाली, मासे. आणखी खाली, शिखर. आणखी खाली, कुणाचं तरी जोतं. नियम इतकाच की वर जाताना काही सांगायचं नाही, फक्त खाली जाताना. अमेरिकेत रिचर्ड मॅग्वायरने १९८९ मध्ये सहा पानांत आणि २०१४ मध्ये पूर्ण पुस्तकात खोलीचा एकच कोपरा वेगवेगळ्या काळांत दाखवला, त्याचं नाव 'हिअर', म्हणजे 'इथे'. आपल्या 'इथे'वर तर पाणी चढतं आणि उतरतं.

धरणावर कॉमिक होत नाही असं वाटत असेल तर ओरिजित सेन यांचं नर्मदेवरचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ चं आहे.

तिसरा सल्ला, एआय. माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, त्यामुळे यंत्राला शिव्या देऊन मला पवित्र व्हायचं नाही. माझा आक्षेप कामाच्या स्वरूपाचा आहे. ही यंत्रं आधी काढलेल्या असंख्य चित्रांवरून पुढचं संभाव्य चित्र काढतात. 'महाराष्ट्रातलं गाव' म्हटलं की फेटा, विहीर, वड आणि संध्याकाळ. त्यात काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती धावणाऱ्या मेंढ्या नसतात, कोपीच्या दाराशी चार्जिंगला लावलेला मोबाईल नसतो. कारण ते फारसं कुणी काढलेलंच नाही. जे कुणी काढलं नाही ते काढणं हेच तर आपलं काम.

शिवाय यंत्र अडत नाही. कोयत्याच्या पाचव्या पानावर आम्ही तीन रविवार अडलो होतो. यंत्राला सांगितलं असतं तर त्याने वीस सेकंदांत नियम मोडून, नवरा वगळून, देखणी आजारी बाई काढून दिली असती. आमचे तीन रविवार वाचले असते आणि ती बाई ताप घेऊन फडात कधीच गेली नसती. म्हणजे कॉमिक झालं असतं, पण त्यात राम नसता.

आता तुमचं पान

बारामती-इंदापूरच्या पोराला चित्र काढता आलं की त्याला दोन रस्ते दाखवतात: फ्लेक्स डिझाइन कर, नाहीतर पुण्या-मुंबईला जा. तिसरा रस्ता घरातच आहे आणि त्याला परवानगी लागत नाही. तुमच्या घरात सगळ्यांना पाठ असलेली एक गोष्ट घ्या. बांधावरचं भांडण, आत्याचं मोडलेलं लग्न, पहिल्यांदा बोअरला पाणी लागलं तो दिवस. तिच्यात काही वाढवू नका. आठ चौकटी आखा आणि एक नियम लावा. चेहरे दाखवायचे नाहीत, फक्त पाय. किंवा सगळं मेंढीच्या उंचीवरून. किंवा एमआयडीसीच्या तीन शिफ्टच्या तीन ओळी, वरखाली वाचल्या तरी गोष्ट लागली पाहिजे. किंवा ज्याच्यावर गोष्ट आहे तो माणूसच दाखवायचा नाही.

हात चांगला नसेल तर काड्यांची माणसं काढा. पहिला नियम फसेल. फसला तर दुसरा लावा, गोष्ट कुठे पळून जात नाही. कऱ्हेच्या काठी एका माणसाने एकच गोष्ट घेऊन हे आयुष्यभर केलं. आपल्याला निदान आठ चौकटी जमायला हरकत नाही.